काळ्या होडीवरचे ठसे

आमच्या आतेइतकी जग आकारांवरून ओळखणारी बाई अख्ख्या किनारपट्टीवर दुसरी नाही, आणि किनारपट्टीला तिची काही किंमतही नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कुणाला राग येवो.

आते म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. मुंबईत एका बालमंदिरात काम करून ती मालवणला परतली ती एकच वेड घेऊन: तीन-चार वर्षांच्या पोरांना रंग आणि आकार शिकवायचे, तेही पाटी-पुस्तकाशिवाय. मासळीबाजारात ती सरंगा शेपटीला धरून पोरांपुढे उभा करायची, "बघा रे, चौकोन कोनार उभो रवलो!" मासेवाली करवादायची, "बाये, सरंगो व्हयो तर घे, शाळा थंय मांगरात घाल." लग्नाच्या पंगतीत सोलकढीची वाटी उजेडाकडे धरून ती इतका वेळ बघत बसे की वाढपी भात घेऊन पुढे निघून जाई. "ह्यो रंग दुकानात गावचो नाय," असं स्वतःशीच म्हणे आणि उपाशी उठे. माणसांनाही तिने आकार वाटले होते. मामलेदार चौकोन, देवळातले भटजी गोल, मी तिकोन. "खंयसून धरलो तरी टोचतस!" अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस टोचणारच, हे मी तिला पुष्कळ समजावलं. तिने समजून घेतलं आणि माझ्या लाल पत्रकांचा गठ्ठा कात्रीने कापून पोरांना वाटला. कारण काय, तर "मागची बाजू कोरी आसा." कष्टकऱ्यांचे हक्क चार दिवस पोरांच्या केसांत अडकलेले दिसत होते.

तिची बालवाडी भरायची एका तांडेलाच्या मांगरात, म्हणजे होडी ठेवायच्या खोपीत, समुद्राला लागून. पावसाळाभर त्याची होडी तिथे निजलेली असे आणि पोरं तिच्या पोटाला टेकून बसत. भाडं नाही, कागद नाही, तांडेलाची मर्जी एवढाच आधार. मुलांचं शिक्षण एका माणसाच्या मर्जीवर चालावं, याची मला चीड यायची. आतेला नाही. पपईचा पोकळ देठ गेरूत बुडवला की गोल उमटे, रताळ्याचा काप निळीत बुडवला की तिकोन किंवा चौकोन. बाहेर लाटा, झावळ्यांच्या छपरावर पाऊस, आत पोरं ठसे उमटवण्यात गुंग. मोर्चाची भाषा बोलणाऱ्या मला तिथे झोप यायची. इतकी चांगली झोप मला दुसरीकडे कुठे लागलेली नाही.

नारळी पुनव जवळ आली. तांडेलाने होडीला डांबर फासलं, ते सुकलं, आणि काठाला लावायचे निळ्या-पांढऱ्या रंगाचे डबे तिथेच ठेवून तो सामान आणायला बाजारात गेला. आते आली आणि जागीच थबकली. समोर एवढी लांब, काळीभोर, कोरी पाठ! जन्मभर ज्याच्यासाठी अर्ज केले तो मोठा फळा असा आयता पुढ्यात! तिने डबे उघडले आणि पोरांच्या हातात देठ आणि काप दिले.

तांडेल परतला तेव्हा होडी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत गोल, चौकोन आणि तिकोनांनी भरली होती.

"बाये, माज्या होडयेचो दशावतारातलो रंगवलेलो संकासूर केलंस गो!"

पुन्हा डांबर फासून सुकवायला वेळ नव्हता. पुनवेचा नारळ पाण्यात पडला आणि होडी तशीच निघाली. बाकीच्या होड्यांवरून आरोळ्या उठल्या, "रे, बारशाक चललंस काय?" तांडेल नाकासमोर बघत वल्हं मारत राहिला. निघण्याआधी त्याने मांगराला कुलूप मात्र घातलं होतं.

मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं. आते पोरांना घेऊन वाळूत बसली होती. तिचे हात रिकामे होते. मी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. "आता खंय न्हेव रे ह्यांका?" एवढंच ती म्हणाली.

उन्हं उतरली. टोपल्या घेऊन बाया किनाऱ्यावर आल्या. लांबवर होड्या दिसू लागल्या, सगळ्या सारख्याच काळ्या. बाया डोळ्यांवर हात धरून आपापली होडी शोधत होत्या, तेवढ्यात पोरींतलं एक चेडू किंचाळलं, "माजो गोल इलो!" मग दुसरं, "माजो चौकोन!" सगळी पोरं उठून ओरडायला लागली आणि तो गलका वाऱ्याला न जुमानता थेट पाण्यावर गेला. होडी टेकते न टेकते तोच पोरं पाण्यात शिरली. जो तो आपला ठसा शोधून त्याला हात लावत होता.

"आजो," त्या चेडवाने तांडेलाला दटावलं, "माजो गोल भिजलो!"

तांडेल वल्हं धरून उभाच राहिला. त्याच्या होडीची एवढ्या लोकांनी वाट पाहिल्याचं मला तरी आठवत नाही, त्यालाही आठवत नसावं. मग त्याने कनवटीची किल्ली काढून आतेच्या ओंजळीत टाकली.

"फाल्यां सकाळीच उघड. पण डांबराक परत हात लावलंस तर बघ!"

दिवाळीपर्यंत खाऱ्या पाण्याने ठसे पुसत आणले. मी आतेला म्हटलं, "पुन्हा उमटवून घे, तो आता काही बोलायचा नाही."

"नको रे. ह्या पोरांका आता जूनात मोठ्या शाळेत बसवतले. थंय त्यांका फूटपट्टी देतले." ती जरा थांबली. "आणि पावसाळ्यात नवी येतली, त्यांका जागा नको?"

किनाऱ्यासमोरून तांडेलाची होडी निघाली होती. थोड्या वेळाने ती इतर होड्यांसारखीच काळी दिसू लागली, मग कुठली कुठली तेही कळेना. आते तरीही बघत बसली होती. निघू या, असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी तिच्या शेजारी वाळूत टेकलो.