गाडी उजवीकडे ओढते

माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरी, सासरी आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला तोंडावर सांगून झालं आहे. मनात एक आणि ओठांवर दुसरंच, हे मला जमत नाही. एकदा जमवायला गेले, तेही धुळ्याहून जळगावला येताना, स्टिअरिंग हातात असताना. पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. आमच्या ह्यांचं पाइप आणि पंपांचं दुकान जळगावात होतं आणि दुसरं लहानसं धुळ्याला. दोन्ही ह्यांच्या एकट्याच्या जिवावर चालत. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा हे सकाळीच गाडी काढायचे, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचे आणि दिवेलागणीपर्यंत परत यायचे. रस्ता नावाला हायवे. कापसाच्या गाठी लादलेले ट्रक त्यावरून दिवसरात्र चाललेले. आमच्याकडचा उन्हाळा तर काय सांगावा! डांबर पातळ व्हायचं आणि ट्रकच्या चाकांनी त्यात दोन लांबच लांब चाकोऱ्या पडायच्या, कच्च्या रस्त्यावर बैलगाडीच्या पडतात तशा. ट्रकचं जोडचाक त्यात बरोबर बसायचं. आमच्या लहान गाडीचं मात्र एक चाक आत तर एक काठावर. मग गाडी आपलं ऐकायचं सोडून चाकोरीचं ऐकायची. स्टिअरिंगला हिसका बसायचा आणि ती आपली आपण बाजूला सरकायची. खानदेशात ज्याच्या त्याच्या तोंडी हीच तक्रार होती, गाडी ओढते. आमची उजवीकडे ओढायची, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर.

एकदा पारोळ्याच्या अलीकडे मी आणि आमची मुलगी गाडीत होतो. समोरून ट्रक येत होता आणि आमची गाडी त्याच्याकडे निघाली. हे दातओठ खाऊन स्टिअरिंग डावीकडे ओढत होते. ट्रकवाल्याने त्याचं एक चाक खाली उतरवलं म्हणून आम्ही वाचलो. पुढे एका बाभळीखाली ह्यांनी गाडी थांबवली. मी ट्रकवाल्याला, रस्ता करणाऱ्याला, गाडीला आणि ह्यांनाही जे तोंडाला येईल ते बोलले. त्या दिवसापासून हे धुळ्याला गेले की माझा जीव टांगणीला लागायचा. वर्गात शिकवताना कान रस्त्याकडे. आपला माणूस या रस्त्यावर जाणार, ही भीती माझ्या मानगुटीवर बसली ती बसलीच.

गाडीत दोष होता, हे खोटं नाही. तो आमच्या घरानेच घातलेला होता. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फैजपूरकडे केळीची बाग राखून होते. मुलगा धुळ्याला जाणार म्हटलं की तिथल्या लेकीसाठी, व्याह्यांसाठी, दुकानाच्या शेजाऱ्यांसाठी गाडीत केळीचे घड कोंबायचे. मागची सीट काढून टाकून घड रचलेले मी पाहिले आहेत. वजनाने गाडी मागे बसते म्हणून आबांनी मागच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक जादा पोलादी पाटा घालून घेतला. आमच्या भागात ही रीतच होती. कोणी गाडी घेतली की देवाला नारळ फोडायचा आणि लगेच मागे जादा पाटा घालायचा. घड असले की गाडी सरळ दिसायची. नसले की शेपूट वर आणि तोंड खाली, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. घड धुळ्याला उतरायचे आणि हे परत यायचे ते त्या नाक खुपसलेल्या गाडीतून. पुढची चाकं तशाने सरळ राहायला मागत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यात टायर. रुंद टायर म्हणजे पकड चांगली, असं ह्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवलं होतं. म्हणून पुढे जाडजूड रिमोल्ड टायर, जुन्यावर नवं रबर चढवलेले, घातले होते, कडा अगदी चौकोनी. ती चौकोनी कड चाकोरीच्या काठाला जाऊन भिडायची आणि वर चढायचं नावच घ्यायची नाही. मी आबांपुढे विषय काढला तर ते म्हणाले, "गाडीले काय धाड भरली? रस्ताच तसा हाये." रस्ता तसाच होता, त्यामुळे पुढे बोलायची सोय नव्हती.

शेवटी मीच ह्यांना जळगावातल्या टायरवाल्याकडे नेलं. शाळेत मुलींना गप्प बसवते तसं तिथे मी दोघांनाही गप्प बसवलं आणि विचारलं, चाकोरीतून बाहेर निघेल असा टायर कोणता ते सांगा. त्याने कपाटावरून दोन-तीन टायर खाली काढले. एक आमच्यासारखाच चौकोनी, दुसरा अरुंद आणि खांद्याला गोल. हा गोल काठावर हळूच चढतो आणि हळूच उतरतो, असं तो म्हणाला. रेडियल टायर तेव्हा नवे निघाले होते. त्याने बजावलं की घ्यायचे तर चारही घ्या, पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या, असं करू नका. आम्ही चारही घेतले. हवाही आबांच्या हिशेबाची, घडांच्या वजनाची भरत होतो, ती कमी केली. महिनाभर गाडी बरी चालली. निदान हे तसं म्हणाले.

मग पुन्हा सुरू. गाडी ओढते.

याच सुमाराला ह्यांचे हात दुखायला लागले. दुखायला म्हणजे, धुळ्याहून आले की डावा तळहात चोळत बसायचे. मी मीठ घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवायला द्यायची, वर तिळाचं तेल लावून द्यायची. दिवसभर त्या मेलीशी कुस्ती खेळायची म्हटल्यावर हात दुखणार नाहीत तर काय! सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. गियर टाकताना खडखड व्हायची. एकदा चहाची बशी हातातून सुटली. अंगठा आणि बोटामधला मांसल भाग बसल्यासारखा दिसत होता, तोही मी पाहिला, आणि म्हटलं, स्टिअरिंगने हात झिजवला. सगळं गाडीवर ढकलायला गाडी होतीच ना दारात. तिचा मला इतका राग यायचा की येताजाता मी तिच्या दाराला लाथ मारायची.

धुळ्याला दुकानाच्या मागे एक मेकॅनिक होता. हातात कसब होतं, पण बोलायला फार ठाम. आधी म्हणाला, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन गेल्यात, बदलल्या की गाडी तीरासारखी जाईल. चाक जॅकवर उचलून त्याने वरखाली हलवून दाखवलं, खरंच खडखडत होतं. किंगपिन बदलल्या. गाडी ओढतच होती. मग म्हणाला, बुश. बुश बदलले. मग म्हणाला, शॉकअप. एका शॉकअपमधून तेल गळत होतं, तेही खोटं नाही. दर वेळी काहीतरी खरंच बिघडलेलं निघायचं, दर वेळी आम्हाला हायसं वाटायचं, आणि पुढच्या खेपेला हे परत येऊन गाडी दारात लावून तशीच मान हलवायचे. या गाडीने आमच्या नाकी नऊ आणले.

सगळ्यात शेवटी आला तो पाटा. मेकॅनिक म्हणाला, हा काढल्याशिवाय पुढच्या चाकांचा कोन जुळायचा नाही. आबांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही. सुट्टीचा दिवस बघून ह्यांच्याबरोबर धुळ्याला गेले आणि समोर उभं राहून दोन्ही जादा पाटे काढून घेतले. गाडीचं शेपूट खाली आलं. मेकॅनिकने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणला, इकडून बघ, तिकडून बघ, रॉड पिळून चाकं जुळवली. दुपार त्यातच गेली. मग म्हणाला, चला, पाहू.

गावाबाहेर रस्ता सगळ्यात खराब होता, तिथे गेलो. मेकॅनिक चालवत होता, हे त्याच्या शेजारी, मी मागे. चाकोरी दिसल्यावर त्याने मुद्दाम एक चाक तिच्यात घातलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. गाडी थोडी डुलली, काठावर चढली आणि सरळ निघाली. त्याने पुन्हा करून दाखवलं, पुन्हा तेच. मला इतका आनंद झाला की मी मागून त्याच्या पाठीवर थापच मारली. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

मग ह्यांनी त्याला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग घेतलं. तोच रस्ता, तीच चाकोरी. गाडी उजवीकडे निघाली.

मी दोन सीटांच्या मधून पाहत होते. ह्यांचा उजवा हात स्टिअरिंगला घट्ट धरून होता आणि डावा नुसता वर ठेवलेला होता. बोटं वळलेलीच नव्हती. उजव्या हाताचं सगळं वजन स्टिअरिंगला उजवीकडे खेचत होतं आणि डावा त्याला आवरत नव्हता. हे मात्र कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावत होते, आपण दोन्ही हातांनी लावतोय अशा समजुतीने. म्हणाले, बघा, ओढते की नाही? मेकॅनिक ह्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होता.

गॅरेजमध्ये परत आल्यावर हे हात धुवायला नळावर गेले. मेकॅनिक माझ्याजवळ आला. एवढा ठाम माणूस, पण खाली बघून बोलला. "गाडीमा आते काहीच नही शे, अक्का."

गाडीत दोष उरला नव्हता, हे मला मागच्या सीटवरच कळलं होतं.

त्यानंतर धुळ्याचे डॉक्टर, मग मुंबई. हातांत सुया टोचून तपासण्या झाल्या. त्या काळी डॉक्टर आजारी माणसाला सांगत नसत, घरच्यांना बाजूला घेऊन सांगत. मला व्हरांड्यात उभं करून सांगितलं. आधी हा हात, मग तो, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील, असं ते म्हणाले, आणि जणू ही चांगली बातमी असावी तसं म्हणाले. मला त्या डॉक्टरच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ह्यांना सांगितलं की नस दबली आहे, आराम पडेल. सांगणारी मी नव्हते, ह्यांचे थोरले भाऊ होते. मी खोलीबाहेर गेले, कारण माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नव्हता. पुढे घरी कोणी भेटायला आलं की हे सांगायचे, त्या गाडीने हाताची नस दाबली. येणारे मान डोलवायचे. गाडी ओढते हे सगळ्यांना माहीतच होतं.

काही महिन्यांनी धुळ्याचं दुकान ह्यांच्या चुलतभावाच्या ताब्यात द्यायचं ठरलं. हे म्हणाले, मी येणार. मी म्हटलं, मग गाडी मी चालवणार. लग्न झालं तेव्हा ह्यांनीच मला आबांच्या बागेच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती. सुनेने गाडी चालवायची म्हणून तेव्हा घरात काय रामायण झालं होतं! पण हायवेवर ह्यांनी मला कधी चालवू दिली नव्हती. गाडी ओढते, तुला आवरायची नाही, म्हणायचे.

जाताना हे झोपल्यासारखे डोळे मिटून होते. दुकानाच्या किल्ल्या दिल्या, नणंदेकडे दोन घास खाल्ले, तिनेच ह्यांना भरवले. परत निघालो. पारोळा मागे पडलं आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्याने केलेली चाकोरी सुरू झाली. चाक आत जात होतं, बाहेर येत होतं. मला काही करावंच लागत नव्हतं. माझी बोटं स्टिअरिंगवर सैल पडलेली होती आणि गाडी चालली होती. ती इतकी शहाण्यासारखी चालली होती की मला रडू यायला लागलं.

हे माझ्या हातांकडे पाहत होते. कधीपासून, कोण जाणे.

"ओढते का गं?"

माझ्या मनात एकच आलं. नाही म्हटलं की ह्यांना सगळं कळेल. मी बोटं आवळली, खांदे ताणले, जोर लावल्यासारखं केलं.

"ओढते तर काय! हात भरून आले माझे."

"कुठे ओढते?"

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस घाईत बोलतं. मी म्हटलं, "डावीकडे."

ह्यांनी पुढे रस्त्याकडे पाहिलं. मग अगदी समजुतीने, मुलीचं गणित चुकलं की सांगायचे तसं म्हणाले, "मला उजवीकडे ओढायची."

मग उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. समोरून गाठींचा ट्रक येत होता. म्हणाले, "ट्रक येतोय. कडेने घे."

मी घेतली. गाडी जरासुद्धा हलली नाही.