बँड लावून नेलेलं पाणी

चहा संपायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळेल, आणि तो मला आणखी मूर्ख करून सांगेल. अर्थात, त्याला फार मेहनत पडणार नाही.

वसईच्या किल्ल्याच्या वाटेवर एक गाव आहे. नाव विचारू नका, मेलो तरी सांगणार नाही.

रविवारी किल्ल्यात काय चालतं, पाहिलंय का तुम्ही? प्रत्येक कमानीखाली एक होणारी नवरी, गुडघ्यावर बसलेला एक होणारा नवरा आणि दोघांच्या डोक्यावर घोंगावणारा ड्रोन. पडक्या चर्चच्या भिंतीवर कोणा राहुलने पिंकीसाठी कोरलेला बदाम! मग ही सगळी जनता गावात शिरते. कोणाच्या अळूच्या वाफ्यात गाडी लावते, कोणाच्या ओट्यावर वेफर्सची पाकिटं टाकते. त्यात ती नवी रिसॉर्टं! त्यांच्या पोहण्याच्या तलावांसाठी गावच्या विहिरी टँकर लावून उपसतात. माणसांना प्यायला मचूळ पाणी, आणि पाहुण्यांना डुंबायला गोड!

मी यावर लिहीत होतो, भांडत होतो. त्या आठवड्यात तर मला स्वप्नातही टँकरच दिसायचे.

अशात डॉमनिकचा फोन आला. डॉमनिक त्याच गावात भाजी पिकवतो, माझा जुना दोस्त. फोनमध्ये मागे कोणीतरी ट्रम्पेट फुंकत होतं.

“भाऊ, उद्या चारला या! आमच्या बावीचं पानी नेनार!”

बाव म्हणजे विहीर. मी ताडकन उठलो.

“कोणासाठी नेणार?”

“कोनासाठी म्हंजे? लग्नासाठी!”

बघा! रिसॉर्टमधलं लग्न! शहरातले हौशी वऱ्हाडी येणार आणि ह्यांची विहीर आटणार!

“लपूनछपून नेणार?”

“लपून कशाला? बँड लावून! सगल्या गावासमोर!”

“गाव गप्प बसेल?”

“गप्प? नाचंल गाव! दारूची पन सोय केलीय.”

अरे देवा! दारू पाजून पाणी लुटतात! इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत असला उघडा निर्लज्जपणा मी पाहिला नव्हता.

“परवानगी कोणी दिली?”

“परवानगी?” डॉमनिक गोंधळला. “आमच्या साबिनामावशीला विचारलं. तीच काढनार पानी. तुम्ही फक्त या, आनि फोटो चांगले काढा.”

म्हणजे घरचाच भेदी! मी म्हटलं, “येतो. आणि असे फोटो काढतो की महाराष्ट्र हादरेल!”

“एवढं नको,” डॉमनिक म्हणाला. “अल्बमपुरते बस.”

आता तुम्ही म्हणाल, ‘अल्बम’ ऐकून तरी मेंदू हलायला हवा होता. हलला नाही! रागावलेल्या माणसाला जेवढं हवं तेवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी विरारहून स्कूटर हाणत चारच्या आधीच पोचलो. बावीच्या कठड्यावर चढलो, फोनवर लाइव्ह सुरू केलं आणि गरजलो, “मित्रहो, आज तुमच्या डोळ्यांसमोर एका गावाचं पाणी लुटलं जाणार आहे!”

तेवढ्यात वळणावरून बँड आला. पुढे ट्रम्पेट, मागे ढोल, त्यामागे ठेवणीतल्या साड्यांमधल्या बायका नाचत येताहेत. मधोमध एक ठेंगणी म्हातारी, म्हणजे तीच साबिनामावशी, डोक्यावर फुलांनी सजवलेली कळशी. टँकर कुठेच नाही. मी मनात म्हटलं, टँकर मागून येत असेल. धूर्त आहेत लेकाचे!

मी दोन्ही हात पसरले. “थांबा! इथून एक थेंब नेऊ देणार नाही!”

ट्रम्पेट मध्येच गचकलं. बायका थबकल्या. म्हातारीने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“का रं बाबा? आमच्या पोरीनं तुझं काय वाकडं केलं?”

“कोणती पोरगी?”

“जिचं लगीन हाय ती!”

मागून एक बाई पुटपुटली, “मावशे, ह्याचं काय पयलं होतं का काय तिच्याशी?”

“ह्याचं? ह्या वयात?”

ऐका! मला नातू आहे हो! आणि हा सगळा संवाद लाइव्ह!

गर्दीतून डॉमनिक धावत आला, सदऱ्याची बटणं लावत. “भाऊ! अहो काय करताय? माझ्या पोरीचं उद्या लग्न! उंबराचं पानी न्यायला आलोय आम्ही!”

“कसलं पाणी?”

तेव्हा मला कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत बावीवर जायचं, पाणी भरायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. ह्यालाच म्हणतात उंबराचं पाणी, गावाची जुनी रीत. अर्धं आयुष्य ह्या तालुक्यात काढलं मी, डझनावारी लग्नांना गेलो. पण गेलो ते जेवायच्या वेळेला!

उतरायला पाय खाली टाकला, तोच डॉमनिकचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“नवऱ्याची आई आहे. तुमचं लाइव्ह पाहतायत तिकडं. विचारते, लग्न अडवनारा हा कोन? पोरीचं आधी काही होतं काय? खरं सांगा, नायतर उद्या आम्ही चर्चला येत नाय!”

एका पोरीचं ठरलेलं लग्न मी कठड्यावर उभा राहून मोडत होतो! मी फोन हिसकावला.

“बाई, तसं काही नाही. मी पत्रकार आहे.”

“पत्रकार?” पलीकडून किंकाळी. “म्हंजे पोरीची बातमी झालीय?”

“नाही, नाही! मी फक्त ह्या लग्नाच्या विरोधात... म्हणजे पाण्याच्या...”

साबिनामावशीने कळशी खाली ठेवली आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. “विहीनबाय, घाबरू नका. मानूस येडा हाय, पन आमचा नाय. विरारचा हाय.”

मग फोनमधून असं हसू आलं की बँडवाल्यांनाही ऐकू गेलं. लग्न वाचलं. मावशीने मला दंडाला धरून उतरवलं, दोरी सोडली आणि पाणी काढलं. एक कळशी! तेवढ्यासाठी मी महाराष्ट्र हादरवायला निघालो होतो.

लग्न झकास झालं. मी जेवलोही. हातात ताट असताना सगळे माफ करतात.

पण पुढच्या रविवारी डॉमनिकचा पुन्हा फोन.

“भाऊ, आमच्या बावीवर गाड्या लागल्यात.”

“टँकर?”

“टँकर कुठले! टुरिस्ट! तुमचं ते लाइव्ह लोकांनी इतकं पाहिलं, की किल्ला सोडून इकडंच येतायत!”

मी गेलो, आणि जागच्या जागी थिजलो. कठड्यावर एक जोडपं हात पसरून उभं, खाली ड्रोनवाला. एक मुलगी मावशीला विनवतेय, “आजी, ती फुलांची कळशी घेऊन परत एकदा चाला ना, प्लीज!” मावशीच्या मिरच्यांच्या वाफ्यात दोन मोटारी.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर टाळ्या! “तेच काका! काका, ‘एक थेंब’ म्हणा ना!” एकाने विचारलं, “पुढचा शो किती वाजता?”

नकाशावर बावीची खूण आलीय म्हणे. खाली कोणीतरी शेरा मारलाय: ‘जागा मस्त. ओरडणारे काका मात्र वाट पाहूनही आले नाहीत. एक स्टार कमी.’

मी मावशीसमोर उभा राहिलो. म्हटलं, “मावशी, काळजी करू नका. उद्याच पेपरात खणखणीत लिहितो ह्यांच्याविरुद्ध!”

मावशीने चक्क हात जोडले. “नको रं बाबा! तू लिवलंस तर बसगाड्या चालू व्हतील!”

जन्मभर मंत्र्यांविरुद्ध लिहिलं, बिल्डरांविरुद्ध लिहिलं, टँकरवाल्यांविरुद्ध लिहिलं. माझ्या लेखणीला कोणी भ्यालं नाही हो. भ्याली ती फक्त साबिनामावशी!