फाटकाच्या अलीकडे

अजिनाथ म्हसेने एकतीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत तो स्वतः रेल्वेत बसला असेल फार तर चार वेळा. राहुरीच्या पुढे, उसाच्या रानांतून जाणाऱ्या एका रस्त्यावरचं फाटक त्याच्याकडे होतं. गाडी यायची झाली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं, एवढंच काम. पण ते त्याने असं काही अंगावर घेतलं होतं, की सगळी रेल्वे आपल्याच खांद्यावर चालली आहे अशी त्याची समजूत. दर वर्षी त्याला पास मिळे. बायकोला घेऊन कुठेही फुकट फिरून या! अजिनाथ तो पास पत्र्याच्या पेटीत जपून ठेवी आणि मुदत संपली की चुलीत घाली. "फाटक कुनाच्या जिवावर सोडू?" असं वर विचारायचा. जणू पाळीला दुसरा गेटमन येतच नव्हता.

नियमाच्या बाबतीत तर बोलायची सोय नव्हती. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर फोन करायचे. अजिनाथ फाटक लावून कुलूप घालायचा, किल्ली खिशात टाकायचा आणि फोनवर मास्तरांना एक नंबर सांगायचा. नंबर दिला म्हणजे शब्द दिला. मग गाडी जाईपर्यंत पलीकडे आमदार उभा असो की नवरदेव, फाटक उघडायचं नाही. एकदा एका लग्नाचा मुहूर्त टळला तेव्हा वऱ्हाडाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हा गाडीच्या दिशेला तोंड करून, हातात झेंडी धरून ढिम्म उभा. संध्याकाळी बायकोला म्हणाला, "नवरीनं वाट बघितली तर काय मरत न्हाई कुनी."

बायको साळूबाई. गरीब गाय म्हणावी अशी ती कधीच नव्हती, चांगली फटकळ होती. पण सव्वीस वर्षांपूर्वी तिचं बोलणं आटलं. त्याचं कारण गावाला माहीत होतं आणि अजिनाथलाही माहीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी तो रिटायर झाला. त्याच सुमाराला फाटकही गेलं. रुळांखालून बोगदा काढला आणि क्वार्टर पाडलं. नवरा-बायको नगरजवळ केडगावला मुलाकडे, रविराजकडे राहायला आली. अजिनाथला करमेना. दुपारी घराची कडी लावली की नाही, हे तो तीनदा उठून बघायचा आणि सून तोंडाला पदर लावून हसायची. या दिवाळीत साळूबाईने कधी नव्हे ते काहीतरी मागितलं. "आपल्या फाटकावरून सकाळची ती दिल्लीची गाडी जायची न्हाई का? तिच्यात बसायचंय मला एकदा. लोकं कशी हात हालवायची खिडकीतून."

रविराजला केवढा आनंद झाला! आईने इतक्या वर्षांत साधी साडी मागितली नव्हती. त्याने बापाच्या पासावर नगर ते आग्रा अशा दोन जागा काढून दिल्या. ताजमहाल बघा, दोन दिवस राहा, सावकाश या. अजिनाथने मान हलवली खरी, पण त्याला जायचं नव्हतं. ती गाडी त्या फाटकावरूनच जाणार होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची थोरली मुलगी मोनिका तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेतून आली आणि क्वार्टरमागे शेळीला पाला आणायला गेली. तिथे तिच्या पायाला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. शेजारच्या वस्तीवरच्या अंगदने जीप काढली. साळूबाई पोरीला मांडीवर घेऊन मागे बसली. दवाखाना श्रीरामपूरला, फाटकाच्या पलीकडे. आणि फाटक नुकतंच लागलेलं. मालगाडीचा नंबर देऊन अजिनाथला मिनिटही झालं नव्हतं.

अंगदने हॉर्न वाजवला, ओरडून काय झालं ते सांगितलं. अजिनाथने ऐकलं. किल्ली त्याच्या खिशात होती. गाडी सुटली असेल, वळणावर असेल, आता उघडलं आणि जीप रुळांवर बंद पडली तर? तो झेंडी घेऊन रुळाकडे तोंड करून उभा राहिला आणि गाडीची वाट बघू लागला. गाडी आली चौदा मिनिटांनी. दवाखान्याच्या आवारातच मोनिकाचा जीव गेला.

रेल्वेचे साहेब घरी आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "म्हसे, तुम्ही नियमानं वागलात. तुमची काही चूक नाही." नातेवाइकांनीही तेच धरलं. बिचाऱ्याचा नाइलाज होता. अजिनाथ त्या वाक्याला धरून जगला.

पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. चौथ्या दिवशी स्टेशन मास्तर भेटले. फार हळहळले. मालगाडी सुटलीच नव्हती, म्हणाले. ब्रेकमध्ये बिघाड होऊन दहा मिनिटं स्टेशनातच उभी होती. अजिनाथने एक फोन केला असता, तर त्यांनी नंबर रद्द केला असता, गाडी धरून ठेवली असती. हेही नियमातच होतं. फोन त्याच्यापासून चार पावलांवर, चौकीच्या भिंतीला होता. त्याला सुचलंच नाही! नंबर दिला म्हणजे गाडी आलीच, असं त्याचं डोकं वर्षानुवर्षं चालत आलेलं. मास्तरांची पुढे बदली झाली. अजिनाथने हे कुणालाच सांगितलं नाही, साळूबाईला तर नाहीच. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो स्वतःला म्हणायचा. तिने कधी विचारलं नाही. आता त्या जागेवरून जाताना विचारील, याची त्याला धास्ती होती.

तर सकाळी नगरला गाडी आली आणि दोघं बसली. साळूबाईने जांभळी साडी नेसली होती. फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डब्याच्या दोन्ही अंगांच्या खिडक्या रिकाम्या होत्या. अजिनाथ गडबडीने म्हणाला, "इकडं बस. तिकडून ऊन येतंय." ऊनबिन काही नव्हतं. क्वार्टर दुसऱ्या अंगाला होतं, हे त्याच्याइतकं कोण जाणणार? ती बसली. चहावाला आला, दोघांनी चहा घेतला. ती कपावर फुंकर मारत बाहेर बघत होती आणि तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

राहुरी गेलं आणि अजिनाथ बोलू लागला. दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा हा माणूस! उसाचं बघ, कारखान्याचं बघ, दुसरी लाईन कशी टाकली बघ, आता गाड्यांना थांबायला नको. साळूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचून उठली.

"कुठं?"

"दारात."

"पडशील."

"न्हाई पडत."

तिला बरोबर कळलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलेल्या वळणावर गाडीचा आवाज कसा बदलतो हे तिलाही ठाऊक होतं. अजिनाथ मागोमाग गेला आणि तिचा दंड घट्ट धरून उभा राहिला. फाटकाजवळचे दोन कडुलिंब आले. बोगद्यावरची काळीपिवळी कमान आली. क्वार्टरच्या जागी विटांचा ढीग, त्यावर वेडी बाभूळ. बघता बघता गेलंसुद्धा. साळूबाईने हात जोडले होते, ते तसेच राहिले.

आता विचारणार, अजिनाथला वाटलं.

"अवं," ती म्हणाली, "तुमाला एक सांगायचं हुतं. लई वर्सं झाली. तोंडच हुईना."

"सांग."

"त्या दिशी फाटकाच्या पल्याड डेअरीचा टेम्पो उभा हुता. वाल्मिकचा. आमाला दिसत हुता. अंगद म्हनला, वैनी, पोरीला घ्या, खालून वाका अन् पल्याड जा, टेम्पो वळवून न्हेतील. म्या उतरले न्हाई. म्या म्हनलं, हे हायेत की तितं. आत्ता उघडतील. बाप हाय तिचा."

अजिनाथने तिचा दंड आणखी घट्ट धरला.

"अन् बसून ऱ्हायले. तुमच्या पाठीकडं बघत. आता वळतील, आता वळतील. पोरगी म्हनत हुती, आई, पाय गार पडला. तरी म्या बसूनच. तुमचा नाइलाज हुता, तुमाला नियम हुता. मला कंचा नियम हुता? चार पावलं चालायची हुती. म्याच मारली तिला."

"साळू..."

"ऐका. रविराजला म्हनून कदी गाडीत घालून दवाखान्यात न्हेला न्हाई. कडंवर घिऊन पायी जायची, रूळ वलांडून. लोकं हसायची. जीपमदी बसलं की मला वाटायचं, ह्यो बी जाईल."

अजिनाथला तर वाटत आलं होतं, की ती त्याला टोचण्यासाठी पायी जाते. त्याच्या फाटकातून जायला नको म्हणून. त्याने या गोष्टीवरून तिच्याशी दोनदा भांडण काढलं होतं आणि एकदा अबोलाही धरला होता.

आता त्याला गप्प बसता आलं असतं. झालं गेलं, देवाची मर्जी, असं काहीतरी म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला असता तर ती निवली असती. कुणाला कधी कळलं नसतं. मास्तर केव्हाच वारले होते. पण तिच्या तोंडून 'म्याच मारली' ऐकलं आणि त्याला ते सोसवलं नाही. तिचा राग त्याने सव्वीस वर्षं गृहीत धरला होता आणि सोसलाही होता. पण हे त्याला सोसेना.

"म्या फोन केला न्हाई," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. मालगाडी स्टेशनातच उभी होती. एक फोन केला असता तर फाटक उघडता आलं असतं. फोन चार पावलांवर होता. गाडीच्या खडखडाटात त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि शेजारून जाणारी माणसं वळून बघत होती. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट एक क्षण असा आला की तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. तिचा श्वास मोकळा झालेला त्याला हाताला कळला.

"मंग त्ये तुमाला सुचलं न्हाई," ती म्हणाली. "मानसाला न्हाई सुचत. मला तरी कुटं सुचलं."

अजिनाथचे डोळे भरून आले. एवढ्या सहज, एवढ्या मायेने कुणी त्याला माफ करील असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तीही साळू! हे आधीच का नाही बोललो, असं त्याला वाटलं.

तेच तिलाही वाटलं असणार. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं. "चौथ्या दिशी."

"चौथ्या दिशी," ती म्हणाली.

ती बोटांवर काही मोजत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पाचव्या दिशी तुमची दगडाआत्या आली हुती. दारावर बसायला आलेल्या समद्या बायांसमोर तिनं मला इचारलं. अंगद उतर म्हनत हुता तर उतरली का न्हाईस? कसली आई तू? तुमी उंबऱ्यात बसला हुता."

"हुतो."

"ऐकलं हुतं तुमी?"

त्याने ऐकलं होतं. त्याला तो दिवसही आठवला आणि आत्याचा चढलेला आवाजही. आत्या वेड्यासारखं बोलते म्हणून त्याने तेव्हा ते वाक्य कानाआड केलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं होतं, की कुणी फोनचं विचारत नाही.

"ऐकलं हुतं," तो म्हणाला.

साळूबाईने त्याच्या मुठीतून आपला दंड सोडवून घेतला. हिसका दिला नाही, एकेक बोट बाजूला करून सोडवला. पदर नीट केला आणि दोन्ही बाजूंना धरत धरत जागेवर जाऊन बसली. तो बराच वेळ दारातच उभा होता. स्टेशन आलं, माणसं चढली, त्यांनी त्याला आत ढकललं तेव्हा तो तिच्यासमोर येऊन बसला.

तिने फडकं सोडलं. दोन भाकऱ्या त्याच्यासमोर मांडल्या, चटणी वाढली, कांदा मांडीवर ठेवून बुक्कीने फोडला आणि तोही ठेवला. स्वतःला काही घेतलं नाही.

"साळू, बोल की कायतरी. शिव्या दे."

"जेवून घ्या," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. आग्रा यायला अजून अख्खा दिवस आणि रात्र होती.