रिकाम्या खाटांचा दवाखाना

आमच्या सिस्टरना बसलेलं माणूस बघवत नाही. निजलेलं तर त्या स्वतःचा अपमान समजतात. घरी त्यांचे यजमान दुपारची डुलकीसुद्धा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरूनच काढतात. अशा बाईंच्या हाती एकवीस वर्षं आमच्या खेड्यातल्या दवाखान्याचा बाळंतपणाचा विभाग आहे.

कळांच्या खोलीत चार खाटा आहेत, त्या शोभेच्या. आलेल्या बाईचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके तपासायचे आणि सगळं ठीक असलं की तिला व्हरांड्यात सोडायचं: चाल. अर्ध्या तासाने पुन्हा ठोके, पुन्हा चाल. जिचं लक्षण बरं दिसत नाही तिला मात्र लगेच गाडीत घालून शहरात पाठवतात. त्या बाबतीत सिस्टर थट्टा करत नाहीत.

परिणाम असा झाला की बाळंतपणं लवकर उरकू लागली, सलाइनच्या बाटल्या शिल्लक राहू लागल्या आणि आमच्या खर्चाचा आकडा जिल्ह्यात सगळ्यांत खाली गेला. वरच्या कचेरीला असला आकडा पचत नाही. इतक्या स्वस्तात बाळं होतात म्हणजे ती कागदावरच होत असणार, असं ठरवून त्यांनी एक तपासनीस धाडला. खोटं आढळलं तर विभाग बंद, आणि आमच्या लेकीसुनांनी कळा सोसत चाळीस किलोमीटर जायचं.

साहेब सकाळी नऊला आले. रजिस्टरात दोन बायका दाखल होत्या. खोलीत चारही खाटा रिकाम्या, चादरींना सुरकुती नाही. शेजारची बाळंतिणींची खोलीही आदल्याच दिवशी मोकळी झालेली. चोर सापडल्याचं समाधान साहेबांच्या गालांवर पसरलं.

"बायका कुठे आहेत?"

"एक व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी वळली असेल," फरशी पुसणारी मावशी म्हणाली. "दुसरी येईलच. सोळावा फेरा आहे तिचा."

 दवाखान्याच्या तरुण डॉक्टरांनी सिस्टरना कोपऱ्यात घेतलं. "दहा मिनिटं निजवा ना त्यांना. साहेब मोजतील आणि जातील."

"डॉक्टर, कळा त्यांच्या आहेत, साहेबांच्या नाहीत. मोजायचंच असेल तर फेरे मोजू देत."

तेवढ्यात सोळावा फेरा सुनेसकट आणि सासूसकट आला. सासूबाईंना साहेब म्हणजे देवासारखे भेटले. "तुम्ही तरी सांगा हो. कधीची म्हणतेय, पोरीला जरा पडू द्या. आमची सगळी बाळंतपणं निजूनच झाली."

"किती वेळ लागला होता?" साहेबांनी पेन काढलं.

"थोरल्याला दीड दिवस."

"तो बघा थोरला," सिस्टरनी पायरीवर बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. "मघाशी चहा आणायला सांगितलाय त्याला."

सून पोट धरून हसली आणि सतराव्या फेऱ्याला लागली.

साहेब इरेला पेटले. "मी इथेच थांबतो. दोघींची वेळ मी स्वतः लिहिणार."

"थांबा की. फक्त व्हरांड्यात खुर्ची टाकू नका, वाटेत येते."

मग साहेब उभे राहिले. उभं राहून पाय भरून आले तसे चालू लागले. दहाला त्यांनी कोट काढला, साडेदहाला बूट. अकराला सासूबाई दमून पायरीवर लेकाशेजारी टेकल्या, तेव्हा सुनेच्या पाण्याचा तांब्या आपोआप साहेबांच्या हाती आला.

"थोडंच प्या," ते तिला म्हणत होते, "अजून पाच फेरे सहज होतील तुमच्याच्याने."

बाराला सिस्टर सुनेला आत घेऊन गेल्या. पाऊणच्या सुमारास आतून रडणं ऐकू आलं. साहेब घड्याळ बघायचं विसरले; वेळ मावशीने सांगितली. दीडला दुसरीही मोकळी झाली.

"दोन्ही मुली, दोघी तीन किलोच्या वर," सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. "सलाइन शून्य. लिहा."

साहेबांनी आकडे बरोबर असल्याचं लिहिलं, विभाग चालू ठेवावा असंही लिहिलं. एका रकान्याशी मात्र ते अडले: खाटा रिकाम्या असण्याचं कारण. पाय चोळत त्यांनी बराच विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "दोन्ही बायका कामात होत्या."