सुडोभाऊ आणि रुसलेली पॅकेजं

सुडोभाऊंना घाई करणारा माणूस चालत नसे. संगणकाने पडद्यावर चार ओळींची तक्रार लिहिली आणि कुणी ती न वाचताच 'वाय' दाबून 'हो' म्हटलं, की ते खुर्चीतून अर्धे उठत. "काऊन दाबलं? तो काय सांगून राह्यला ते आयकलं का?" मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांनी त्या ओळी मोठ्याने वाचायला लावलेलं मी पाहिलं आहे. वाचायचे बिचारे, मुकाट्याने.

समुद्रपूरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल, ते शेजारच्या लॅबमध्ये सहायक. अकरा वर्षं कंत्राटी. दर जूनमध्ये नवा आदेश निघेपर्यंत जीव टांगणीला. लॅबचे वीस संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालत, आणि लिनक्समध्ये मोठ्या कामाच्या हुकमाआधी 'सुडो' लिहावं लागतं, म्हणजे हे मालकाच्या अधिकाराने करतोय. पोट्ट्यांनी त्यावरूनच नाव पाडलं. "मशीन तरी इचारते मॅडम, पासवर्ड सांग म्हनते," ते हसत. "हापिसात तं कोनी इचारतच नाई."

संगणकाचा सगळा कारभार त्यांना लग्नघरासारखा दिसे. एका सॉफ्टवेअरला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, ते त्यांचे सोयरे. नवी आवृत्ती चढवताना एखादं जुनं पॅकेज, म्हणजे असंच एखादं सॉफ्टवेअर, अडून बसलं की म्हणत, "हे रुसलं. मानपान पाह्यजे याले." मग कोण कुणावर रुसलंय, कुणाला बाहेर काढलं तर बाकीचे मांडवात येतील, हे शांतपणे शोधत. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ऐकत बसावंसं वाटे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. आठवलं की अजून डोकं तापतं.

तपासणी समिती येणार होती आणि प्राचार्यांना सगळे संगणक एकदम नव्या आवृत्तीवर हवे होते. सुडोभाऊ म्हणाले, "सर, आधी एका मशीनवर पाहू. बाबूसाहेबानं मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज कुठून तं आनून टाकलं हाये, ते अडनार." ऑफिसातल्या मोठ्या बाबूंची, म्हणजे हेडक्लार्कची, बोटं जुन्या टाइपरायटरला सरावलेली. नवी मांडणी शिकायची नाही म्हणजे नाही! पोरांचा टायपिंगचा सरावही त्याच पॅकेजवर चाले, आणि परीक्षा तोंडावर होती. शनिवारी सुडोभाऊ रीतसर रजा टाकून भाचीच्या लग्नाला पवनारला गेले. तेवढ्यात मोठ्या बाबूंनी प्राचार्यांकडून पासवर्ड घेतला आणि वीसच्या वीस मशीनवर अपग्रेड सुरू केलं. पडदा काय विचारतोय ते वाचायचंच नाही. वाय, वाय, वाय. संध्याकाळपर्यंत सगळे संगणक अर्धे नवे, अर्धे जुने होऊन ठप्प.

सोमवारी हेच बाबू म्हणतात, "फॉरमॅट मारा अन् मोकळे व्हा." मुलांचं वर्षभराचं काम त्यात होतं! सुडोभाऊ एवढंच म्हणाले, "घरात उंदीर शिरला म्हनून कोनी घर पाडत नाई." दोन दिवस ते एकेका मशीनसमोर बसले. अडलेलं पॅकेज काढलं, अर्धवट राहिलेली पुरी केली, मग उरलेली चढवली, आणि शेवटी टायपिंगची नवी आवृत्ती बसवून दिली. एकाही पोराची एकही फाइल गेली नाही. समितीने लॅबची तारीफ केली आणि प्राचार्यांनी ती हसत हसत घेतली.

जूनमध्ये सुडोभाऊंचा आदेश निघाला नाही. कारण काय, तर 'निष्काळजीपणामुळे संगणक बंद पडले'. अहो, निष्काळजीपणा कुणाचा? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी केबिनमध्ये जाऊन भांडले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बाबू कायम आहेत. त्यांच्यावर कारवाई म्हणजे नसती कटकट." लाज कशी वाटली नाही या माणसाला?

शेवटच्या दिवशी सुडोभाऊ मला, मशीन पुन्हा अडलीच तर, दुरुस्तीचा क्रम समजावून द्यायला आले. मी म्हटलं, "काही सांगू नका भाऊ. बसू द्या यांना बोंबलत."

"पोट्ट्यायची पुढंबी परीक्षा हाये मॅडम. त्यायनं काय केलं?"

"राग नाही येत तुम्हाला?"

"येते ना. खूब येते. पन तो मशीनवर काऊन काढू?" डोळे लाल झाले होते. मग ते बसले आणि तासभर मला शिकवत राहिले.

यंदा समिती परत यायची आहे. तिचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. लॅब शेवटची कुणी अद्ययावत केली, असा एक रकाना होता. मी त्यात सुडोभाऊंचं खरं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

प्राचार्य म्हणाले, "हे खोडा."

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच खोडा सर. आणि खाडाखोड केली की शेजारी सही लागते, तीही करा."

त्यांनी पेन घेतलं. रकान्यातल्या त्या नावापर्यंत नेलं. मग टोपण लावून मला परत दिलं.