साकव घालू नका

ऑफिसच्या दारात आले की काका आधी दोन्ही हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि खणखणीत आवाजात सुरू करायचे, "बा सायबा म्हाराजा! आमच्या वाडयेक साकव व्हयो आसा. दरवर्साक मागतंव, दरवर्साक तुम्ही इसारतास. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, आणि यंदाच्या बजेटात आमचो साकव बसव रे म्हाराजा!" जिन्यात चहा पीत बसलेले आमचे शिपाई तिथूनच ओरडायचे, "व्हय म्हाराजा!"

हसू येतंय ना? आम्हालाही यायचं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान काकांच्या घराण्याकडे होता. सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं आणि गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणत दुजोरा द्यायचा. तेच त्यांनी आमच्या ऑफिसात आणलं होतं. मी एकदा म्हटलं, "काका, इथे नुसता अर्ज दिला तरी चालतो हो." तर म्हणाले, "देवाकडे मागूक लाज वाटणा नाय, मगे तुमच्याकडे कित्याक वाटतली?"

मी बांधकाम विभागात आहे. गावोगावच्या ग्रामसभांतून मागण्या निघतात आणि वर चढत चढत माझ्या टेबलावर येतात. कुणाला स्मशानशेड हवी, कुणाला शाळेचं छप्पर, कुणाला विहिरीचा कठडा. मागण्या ढीगभर आणि तरतूद चिमूटभर. मग प्राधान्यक्रम लागतो. प्राधान्यक्रम हा फार सोज्वळ शब्द आहे बरं का. कुणाला नाही म्हणायचं ते ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ.

काकांच्या वाडीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात गुरंसुद्धा तोंड घालत नाहीत, इतका कोरडा. पावसाळ्यात मात्र उतरायची सोय नाही. म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी काका आणि वाडीतले चार म्हातारे माडाची खोडं आडवी टाकून साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, घालायचे. बाजूला बांबूचा कठडा, काथ्याच्या दोरीने आवळलेला. वाडीतली तरणी पोरं कामाला मुंबईत नाही तर गोव्यात. "आता खोड उचलताना हात कापतत गो बाय," काका सांगायचे. "माझ्या मागे कोण घालतलो?"

हे विचारताना त्यांच्या डोळ्यांपुढे काकी असायच्या. काकींना साखरेचा आजार, पायाला न भरणारी जखम. एक दिवसाआड आरोग्य केंद्रात ड्रेसिंग. काका त्यांना त्या डुगडुगत्या साकवावरून हाताला धरून न्यायचे. ऑफिसात आले तरी लक्ष घड्याळाकडे. "चलतंय. बायल वाट बघता," म्हणायचे, आणि चहा अर्धा टाकून उठायचे.

साकव यादीत का बसत नव्हता, ते ऐका. आमचे अभियंता पाहणीला जायचे, तो साकव बघायचे, त्यावर उभे राहून फोटो काढायचे आणि शेरा मारायचे, 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध.' एका अहवालात तर लोकसहभागाचं कौतुकही केलं होतं. म्हणजे म्हाताऱ्यांनी कंबर मोडून खोडं टाकली, हाच त्यांचा गुन्हा ठरला. जिथे कुणी काही केलंच नव्हतं, तिथले साकव मंजूर होत गेले.

एका वर्षी गाऱ्हाणं संपल्यावर साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच उभी होते. साहेब वाईट माणूस नव्हता, तेच तर दुखणं आहे. अगदी मनापासून म्हणाला, "काका, तुमच्या भल्याचं सांगतो. यंदा साकव घालूच नका. लोकांची अडचण दिसली पाहिजे. पाऊस लागला की माणूस पाठवतो, तो फोटो काढेल. पुढच्या वर्षी काम झालंच म्हणून समजा."

"पण सायबा, व्हाळाक पाणी इला तर?"

"थोडी कळ काढा हो! कायमचा साकव मिळणार आहे."

काका बाहेर आले तेव्हा चेहरा उजळला होता. "सायबान कौल दिल्यान," म्हणाले. देवाचा कौल मोडायचा नसतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेबाचा कौल कशाचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

वाडीत त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. दोघे म्हातारे खोडं घेऊन आलेसुद्धा. काका व्हाळात वाट अडवून उभे राहिले. "सायब बोललो मा? मगे एक पावस कळ काढूया!" त्यांचा शब्द देवापुढे चालायचा, मग माणसांपुढे का नाही चालणार? खोडं परत गेली.

पाऊस लागला तो असा लागला की व्हाळाने दोन्ही काठ सोडले. साहेबांचा माणूस आला नाही. त्याला म्हणे दुसऱ्या तालुक्याचा चार्ज दिला होता. आरोग्य केंद्रातली नर्स मात्र आली, छत्री घेऊन गावाकडच्या काठावर उभी राहिली. तिला काय दिसणार? ती इकडून ओरडायची, जखम धुवा, कोरडी ठेवा. काका तिकडून ओरडायचे, "व्हय, व्हय!" औषधाची पिशवी दोरीला बांधून पलीकडे फेकली, ती एकदा पोचली आणि एकदा वाहून गेली. जखम काळी पडली, ताप चढला. पाणी जरा उतरल्यावर चौघांनी काकींना खुर्चीला बांधून छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं आणि गोव्याला नेलं. तिथे गुडघ्याखाली पाय काढला.

पुढच्या अंदाजपत्रकात साकव मंजूर झाला. शेरा होता, 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध नाही.'

मंजुरीचं कळवलं तेव्हा काका एकदाच ऑफिसात आले. शिपाई सवयीने हसत उठले. काका नुसतेच दारात उभे राहिले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. साहेबच उठून पुढे गेला आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बघा, सांगितलं होतं की नाही? झालं ना काम?" माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की हातातली फाईल त्याच्या डोक्यात घालावी. काका म्हणाले, "झाला सायबा." आणि निघून गेले.

पुढे त्या साहेबाची बदली झाली, सल्ला मात्र ऑफिसातच राहिला. परवाच आमचे नवे अभियंता कुणाला तरी फोनवर सांगत होते, "तुम्ही शाळेचं छप्पर स्वतः शाकारू नका हो. गळू दे जरा!"

काकांच्या वाडीचा साकव मंजुरीनंतरच्या उन्हाळ्यातच बांधून झाला होता, पण पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून फीत कापायला श्रावण उजाडला. आम्हाला गाडीतून नेलं. भाषणं झाली, नाश्त्याचे डबे वाटले. काका कुठेच दिसले नाहीत, म्हणून मी साकव ओलांडून त्यांच्या घरी गेले. काकी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या.

"बस गो बाय. साकव बरो झालो. वरसून गाडी पण जायत म्हणतत." मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पण माका आता खंय जावचा आसा?"

मी काका कुठे गेलेत, विचारलं.

"दुकानार गेलेहत. तू व्हाळार जा, थंयच गावतले. पण वर बघू नको, खाली बघ. तेच्यार पाय ठेवणत नाय ते."

मी परत फिरले. मंडपातली माणसं खुर्च्या गोळा करत होती. साकवाच्या खाली, मांडीएवढ्या पाण्यातून काका येत होते. लेंगा वर खोचलेला, डोक्यावर तांदळाची पिशवी, एका हाताने दगड चाचपडत. मी काठावरून ओरडले, "काका, अहो वरून या ना! असं काय करता?"

ते थांबले. रागावलेले वगैरे नव्हते. "हिचो पाय घालून बांधलेलो आसा तो, बाय," म्हणाले. "तेच्यार माझो पाय कसो ठेवू?"

पलीकडे आमच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी चपला काढून पाण्यात उतरायला लागले, तसे काका घाईघाईने हात हलवत म्हणाले, "तू नको गो. हयसर शेवाळ आसा, पडशीत. तू जा वरसून."

मी वरून गेले. मी पलीकडे पोचेपर्यंत काका पिशवी सावरत तिथेच पाण्यात उभे होते.