घराण्याचे कान

म्हातारीच्या मुलाला गल्लीत कुणी नावाने ओळखत नसे. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की ‘घराणे’. नोकरीत असताना तो दुकानदारांची वजनं तपासायचा. माप खोटं निघालं की दुकान डोक्यावर घ्यायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून पूर्वज शोधायला लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात; हा तर खरोखरच भिंतीच्या मागे लागला.

बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, पार छतापर्यंत त्याने वंशवृक्ष रंगवायला घेतला. त्यासाठी दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर बोलावला. पुरुषांना फांद्या, बायकांना पानं, असा हुकूम. म्हातारीच्या वाट्याला नखाएवढं पान आलं. तिचा नवरा जन्मभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होता, त्याच्या फांदीवर मात्र ‘वस्त्रागार अधिकारी’ असं झळकलं. म्हातारीने चष्मा पुसून दोनदा वाचलं.

“अरे, अधिकारी कसला? उकाड्याने बनियन काढून उभा असायचा बिचारा.”

“आई, तुला यातलं कळत नाही.”

कळत नव्हतंच. कुठल्याशा आडनावबंधूच्या घरून मुलाने एक पिवळा पडलेला फोटो आणला. त्यात मिशीवाला माणूस काठी घेऊन असा बसला होता, जणू सगळं जग त्याचं देणं लागत होतं. हे म्हणे खापरपणजोबा, कुणा सरदाराचे खजिनदार; झाडाच्या बुंध्यावर त्यांचंच नाव चढलं. पुरावा काय, तर कान! “हे बघ, असेच बाबांचे होते, असेच माझे. रक्त लपत नाही.” त्या माणसाचा एक कान टोपीखाली होता आणि दुसरा फोटोला लागलेल्या बुरशीने खाल्ला होता. “कुठले कान?” म्हातारीने विचारलं. तेव्हापासून तो कान म्हणाला की ती “कुठले कान?” म्हणायची, आणि तो चिडून उठून जायचा. तेवढीच घरात करमणूक.

सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं. पण म्हातारीच्या नातीने, म्हणजे घराणेसाहेबांच्या एकुलत्या एका मुलीने, मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून नवराबायको थकली होती. मुलगी मिळाली, चार महिन्यांची, आणि घरात चार वर्षांनी हसू आलं. बाप मात्र नाकाने कांदे सोलत बसला. “कुठलं रक्त, कुणाचं पोर! मी इथे पिढ्या जुळवतोय आणि ही बाहेरून कलम आणते. भिंतीवर नाव येणार नाही. आणि मला आजोबा म्हणायला शिकवू नका.”

नात फोनवर आजीजवळ रडली. “आजी, रविवारी आम्ही तिला घेऊन येतोय. बाबा तसंच बोलले, तर परत त्या घराची पायरी चढणार नाही. तुला भेटायलासुद्धा नाही.”

म्हातारीने फोन ठेवला. हाताखाली वाढलेली एवढी एकच नात. ती तुटली, तर उरलेलं आयुष्य या भिंतीवरच्या मेलेल्यांबरोबर काढायचं की काय?

रविवारी दुपारी पेंटर स्टुलावर चढून शेवटचा हात फिरवत होता. नात आली, मागे जावई, त्याच्या हातात बाळ. मुलाने बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. पेंटरला म्हणाला, “माझ्या मुलीचं पान झालं ना? बास. झाड तिथेच संपवा.”

नातीने खाली ठेवलेली पिशवी पुन्हा खांद्याला लावली.

“बस गं,” म्हातारी म्हणाली. “पेंटरदादा, ब्रश ठेवा जरा. आणि तू रे, रक्तवाल्या, ऐक. तुझा बाप लाँड्रीतल्या टोपलीत सापडला होता.”

“काय?”

“मळक्या चादरींच्या टोपलीत. तान्हा. सकाळी तिथेच कामाला असलेल्या माझ्या सासूने चादरी उपसल्या आणि खाली हा. तिला मूलबाळ नव्हतं, तिने घरी नेला, वाढवला. लग्न ठरताना त्यानेच मला सांगितलं, पटत नसेल तर आत्ताच नाही म्हण. मी म्हटलं, मला तू पटलास, टोपलीशी मला काय करायचंय?”

“आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस कधी? बापाच्या बापाचं नाव विचारलंस, ते सांगितलं. बाप कसा होता, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस मेल्या!”

मुलगा सोफ्यावर बसला. नातीला वाटलं, आता बाबा कोसळले. म्हातारीलाही क्षणभर वाईट वाटलं. मग त्याने हळूच मान वर केली.

“हॉटेल कुठलं होतं? नाही, म्हणजे... तिथे बडी बडी माणसं उतरत असतील ना? संस्थानिक वगैरे?”

म्हातारीने कपाळावर हात मारला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं! “उतरायची की! तुझा बाप इस्त्री करायचा, त्या चादरी मीही धुतल्यात. बड्या माणसांचं मोठेपण मला नको सांगूस. पेंटरदादा, तो खजिनदार पुसा. खाली मुळाशी एक टोपली काढा, चांगली ठसठशीत. आणि वर या पोरीचं नाव घाला. टोपलीतल्या पोराचं झाड आहे हे. यात बाहेरचं कोण?”

पेंटरने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत बसले. पेंटरने रंग कालवला.

नातीने खांद्यावरची पिशवी काढली. मग जावयाच्या हातातून बाळ घेतलं आणि काही न विचारता बापाच्या मांडीवर ठेवलं. तो अवघडून बसला. बाळाची टोपी सरकली, तशी त्याने ती बोटाने आणखी जरा मागे केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“कान बघ, आई,” तो म्हणाला. “आपलेच आहेत.”

गाढव ते गाढवच, म्हातारीच्या मनात आलं. पण या खेपेला तिने ‘कुठले कान’ असं विचारलं नाही.